रिमवरच्या रेघेचा उलटतपास

यंत्राच्या अंगावर जे जे दिसते ते ते कोणत्या तरी हेतूने तेथे आलेले असते, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. आणि त्यातले निम्मे केवळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावे म्हणून असते, असा दुसरा समज व्यवहारात मुरलेल्या माणसांत तितकाच रूढ आहे. हे दोन समज सायकलच्या दोन चाकांवरून एकमेकांस भिडल्याचे मला ऐकावयास मिळाले, व ते संभाषण, त्यातील चहा, पानसुपारी आणि आप्तस्वकीयांची वास्तपुस्त वगळून, येथे देत आहे. एक पक्ष दिवाणी दाव्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या वकिलांचा; दुसरा, औद्योगिक शाळेत लेथ आणि कानस यांच्या सान्निध्यात तितकेच आयुष्य घालविलेल्या मास्तरांचा. वकिलांची स्वतःची सायकल सळईच्या ब्रेकची, काळी, उंच आणि पोलादी रिमांची. नातवासाठी घेतलेली नवी सायकल अ‍ॅल्युमिनियमच्या रिमांची. पुण्याच्या एका ओसरीवर दोन्ही शेजारी उभ्या होत्या, आणि नव्या रिमच्या बाजूवर, ब्रेकचे रबर जेथे घासते त्या पट्ट्यावरून, एक बारीक खाच चाकाला संपूर्ण वळसा घालून आलेली होती. वादाचे मूळ ती खाच.

वकील : मास्तर, आमच्या तरुणपणी साहेबी थाटाच्या सायकलींच्या काळ्या रिमवर सोनेरी रेघ मारलेली असे, आणि तिच्यापायी दुकानदार चार रुपये अधिक उकळीत असे. येथे तीच रेघ रंगाने न मारता कोरून काढली आहे, एवढाच फरक. काळ बदलला तरी गिऱ्हाइकाला भुलविण्याची रीत बदललेली नाही.

मास्तर : वकीलसाहेब, ती सोनेरी रेघ टिकावी म्हणून मारलेली असे, ही खाच नाहीशी व्हावी म्हणून कोरलेली आहे. एवढ्या एका फरकाने दोघींची जात वेगळी होते. अ‍ॅल्युमिनियम हा पोलादाच्या मानाने मऊ धातू. दर वेळी ब्रेक दाबला की रबर त्याला घासते; रस्त्यावरची वाळू आणि पावसाळ्यातला चिखल त्या रबरात रुतून बसतो, आणि मग रबराचे रबरपण जाऊन त्याची कानस होते. वर्षानुवर्षे ही कानस चालली की रिमची भिंत, जी नवी असताना दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते, ती पातळ होत जाते. हे पातळ होणे स्वाराला दिसत नाही, कारण धातू चाकाच्या सबंध घेरावर सारखाच झिजतो आणि उलट अधिकच चकाकतो. म्हणून कारखानदार आधीच ठराविक खोलीची खाच पाडून ठेवतो. भिंत त्या खोलीपर्यंत झिजली की खाच सपाट होते, आणि तिच्या नाहीसे होण्यातून कळते की आता या रिमचे दिवस भरले.

वकील : आणि दिवस भरलेली रिम तशीच चालविली तर?

मास्तर : तर एके दिवशी भिंत फुटून बाहेर पडते. टायरमध्ये हवा असते ही गोष्ट आपण विसरतो. या नव्या सायकलच्या बारीक टायरमध्ये सहा वातावरणांचा दाब भरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहा किलोंच्या जवळपास जोर पडतो, आणि टायरच्या कडा रिमच्या दोन्ही भिंतींना रात्रंदिवस बाहेर रेटीत असतात. सायकल नुसती भिंतीला टेकवून ठेवली असली तरी हे रेटणे चालूच असते. त्यात ब्रेक दाबला की रबर बाहेरून आत रेटते. अशा दोन्हीकडच्या ओढाताणीत पातळ झालेली भिंत कोठे तरी चीर देते, चीर लांबत जाते, आणि मग हातभर लांबीची धातूची पट्टी सुटून येते, टायर बंदुकीसारखा फुटतो, आणि पुढचे चाक असेल तर ते ब्रेकमध्ये अडकून स्वार तोंडावर पडतो. हे घडते ते बहुधा हवा भरताना किंवा उतारावर ब्रेक दाबताना, म्हणजे नेमके नको त्या वेळी.

येथे वकिलांनी चष्मा काढून पुसला, आणि ज्यांनी त्यांना न्यायालयात पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की साक्षीदाराला कबुली दिल्यासारखे दाखवून त्याला दुसऱ्या दाराने घेरण्याची त्यांची ही पूर्वतयारी असे.

वकील : भिंत झिजते, हे मान्य. झिजलेली भिंत फुटते, हेही मान्य. परंतु खाचेचे प्रयोजन काय, हा माझा मूळ मुद्दा तसाच शिल्लक आहे. ही सूचना कोणाला आहे? नातवाला विचारा, त्याला ही रेघ म्हणजे काय ते ठाऊक नाही. दुकानदाराने सांगितले नाही. सायकलबरोबर आलेले छापील चोपडे कोणी उघडलेले नाही. ज्या नोटिशीची भाषा बजावणी झालेल्या माणसाला वाचता येत नाही, ती नोटीस मी चाळीस वर्षे न्यायाधीशांपुढे निरर्थक म्हणून मांडीत आलो. मग कारखानदार ती का कोरतो? मला वाटते, तो ती स्वारासाठी कोरीत नाही, माझ्यासारख्या वकिलासाठी कोरतो. उद्या कोणाचा दात पडून दावा लागला, तर ‘आम्ही रिमवर खूण केली होती’ असे म्हणावयास जागा राहावी म्हणून.

मास्तर : यात तुमचे थोडे बरोबर आहे, आणि तुम्हांला वाटते त्याहून थोडे अधिक. युरोपातील सायकलविषयक मानकांत असे कलमच आहे की, रिम हा ब्रेकचा भाग असेल आणि झिजेमुळे ती निकामी होण्याचा धोका असेल, तर तो धोका स्वाराला कळावा म्हणून कारखानदाराने रिमवर टिकाऊ आणि वाचता येईल अशी खूण, टायरने झाकली जाणार नाही अशा जागी केली पाहिजे. म्हणजे खाचेमागे कायदा आहे हे खरे. पण कलम लिहिणाऱ्यांपुढे फुटलेल्या रिमा होत्या हेही खरे. दिव्याला काच असते ती वारा लागू नये म्हणून. नगरपालिकेने काच बसविण्याचा हुकूम काढला, एवढ्यावरून काचेचे प्रयोजन हुकूम होत नाही.

वकील : हुकुमाची गोष्ट राहू द्या. सगळ्या रिमांवर ही खाच सारखीच असते काय?

मास्तर : नाही. काहींवर सलग खाच असते. काहींवर एक-दोन ठिकाणी छोटे खळगे, टिंबांसारखे. आणि काही कारखानदारांची रीत अगदी उलटी : ते भिंतीच्या आतल्या बाजूने एक पोकळी ठेवतात, जी नव्या रिमवर दिसतच नाही, आणि भिंत पुरेशी झिजली की बाहेर भोकाच्या रूपाने उघडी पडते.

वकील : वा! म्हणजे एका कारखान्यात खूण गेली की धोका, आणि दुसऱ्या कारखान्यात खूण आली की धोका. आणि हे दोन्ही लेख एकाच रस्त्यावर, एकाच दुकानात, एकाच पोराच्या हाती! मास्तर, अशा दस्तऐवजावर मी माझ्या अशिलाला सही करू दिली नसती.

ही कोटी जरी बिनतोड असली, तरी मास्तर तिने खचले नाहीत. त्यांनी कंपासपेटीतली पोलादी पट्टी मागविली, ती वकिलांच्या हाती दिली, आणि रिमच्या घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर तिची धार आडवी टेकवावयास सांगितली. नव्या रिमवर पट्टी सपाट बसली. झिजलेल्या रिमवर, ते म्हणाले, मध्ये पोटासारखी खोलगट जागा होते आणि पट्टीखालून उजेड दिसतो. तो दिसू लागला की कोणत्या कारखान्याची कोणती खूण हा तपास करीत बसण्याचे कारण नाही. मला स्वतःला हे उत्तर वकिलांच्या कोटीपेक्षा मोलाचे वाटले, आणि वकिलांनाही वाटले असावे. कारण त्यांनी तत्काळ विषय आपल्या काळ्या सायकलकडे वळविला.

वकील : माझ्या रिमवर असल्या नोटिसा नाहीत, आणि ती माझ्या वडिलांच्या हातापासून चालते आहे.

मास्तर : तुमची रिम वेस्टवुड घाटाची. तिच्या दोन्ही कडा आत वळवून गोल नळीसारख्या केल्या आहेत, आणि मधून आऱ्यांसाठी पन्हळ आहे. तिला सपाट अशी बाजूच नाही. मग चिमट्यासारखा बाजूंनी पकडणारा ब्रेक लागणार कोठे? म्हणून तुमचा ब्रेक सळयांनी वर ओढला जातो आणि त्याचे दोन रबर रिमच्या आतल्या, आसाकडे तोंड करून असलेल्या अंगावर, आऱ्यांच्या दोन्ही बाजूंना, खालून टेकतात. त्याचा एक मोठा फायदा : चाक थोडे डावी-उजवीकडे लचकले, तरी ब्रेक घासत नाही. खेड्यापाड्यांतल्या खडबडीत वाटांवर, जेथे आठवड्याला आउट काढणारा कारागीर मिळत नाही, तेथे ही सायकल टिकली याचे एक कारण हे. इंग्लंडात ज्यांना चिमट्याचा ब्रेक हवा त्यांच्यासाठी सपाट बाजूंची एंड्रिक घाटाची रिम निघाली. हे दोन घाट म्हणजे दोन ब्रेकांची दोन मागणीपत्रे आहेत. त्यांत अलंकाराला जागा नाही. बाजू सपाट का, कडा गोल का, हे ब्रेक पाहिल्याशिवाय उमगायचे नाही.

वकील : ऐकलेत? गोल कडा म्हणजे मी आजवर नुसती ऐट समजत होतो. हा मुद्दा तुमच्या बाजूने नोंदवा. पण आता उलटतपास घेतो. पावसात माझा ब्रेक लागतो काय?

मास्तर : लागत नाही. क्रोमियमचा मुलामा दिलेले पोलाद ओले झाले की रबर त्याच्यावर नुसते सरकते.

वकील : सत्य. श्रावणात अलका टॉकीजकडे उतरताना मी घंटी आणि कुलदैवत या दोहोंवरच विसंबत आलो आहे.

मास्तर : म्हणूनच पुढे पोलादी रिमच्या बाजूंवर खवले, टिंबे, बारीक चौकटी असे ठसे उठविण्याचा प्रघात पडला. हेतू हा की पाणी त्या खळग्यांत जावे आणि रबराला कोरडा धातू लाभावा.

वकील : आणि तो साधला?

मास्तर : फारसा नाही. ओल्या पोलादावर खरा उपयोग झाला तो रबराला चामड्याचा तुकडा जोडल्याने. आणि सर्वांत मोठा उपयोग पोलाद सोडून अ‍ॅल्युमिनियम घेतल्याने.

वकील : म्हणजे या ठशांचे प्रयोजन होते, पण फळ नव्हते, ते दुकानात दिसावयास सुरेख होते, आणि म्हणून टिकले. हे माझ्या बाजूने नोंदवा. आणि तुमच्या अ‍ॅल्युमिनियमचा प्रताप असा की, ते पावसात थांबविते खरे, परंतु त्याचे मोल स्वतःच्या कातडीने चुकविते. माझी रिम थांबवीत नाही म्हणून झिजत नाही. नातवाची थांबविते म्हणून झिजते. आणि झिजते म्हणून तिला नोटीस लावावी लागते. या खाचेचा वंशवृक्ष एवढा सरळ असेल अशी माझी कल्पना नव्हती.

मास्तरांनी यावर मान डोलाविली. वास्तविक येथेच वाद मिटावयाचा. पण वकिलांना एकदा तपासाची गोडी लागली की प्रकरण दप्तरदाखल करणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी नवे चाक हाताने फिरविले आणि रिमच्या आतल्या बाजूस, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, कारखान्याच्या चिठ्ठीच्या काठाशी एक उभी, केसाएवढी फट त्यांना दिसली.

वकील : ही चीर? नवी करकरीत सायकल, आणि रिम तडकलेली?

मास्तर : तो सांधा आहे. अ‍ॅल्युमिनियमची रिम कडी म्हणून जन्मत नाही. तापलेला धातू साच्याच्या तोंडातून रेटून लांबच लांब सरळ पट्टी काढतात, तिला लाटणांमधून स्प्रिंगसारखी वेटोळी करतात, एकेक वेटोळे कापून घेतात, आणि टोकाला टोक भिडवितात. उंची मालाला तेथे वितळवून जोड देतात. साध्या मालात आतून एक तुकडा किंवा दोन खिळे घालून टोके नुसती भिडविलेली असतात.

वकील : नुसती भिडविलेली! आणि नातवाने त्यावर बसावे?

मास्तर : बसावे. बैलगाडीचे चाक तुंब्याखालच्या आऱ्यावर उभे असते. सायकलचा आरा एवढा बारीक की तो कोणाला उभा धरू शकत नाही, तो केवळ ओढू शकतो. म्हणून सगळे आरे ताणून, रिमला मध्याकडे खेचून ठेवलेले असतात. छत्तीस आरे आणि प्रत्येकाला शंभर किलोंचा ताण धरला, तर रिमच्या कोणत्याही छेदावर पावणेसहाशे किलोंच्या घरात दाब येतो. रिम सदैव आवळलेली आहे, वकीलसाहेब. तिची टोके एकमेकांपासून दूर जाऊ पाहत नाहीत, एकमेकांत घुसू पाहतात. सांध्याला धरून ठेवण्याचे काम बहुतांशी आरेच करतात. आतला तुकडा किंवा खिळे हे टोके एका रेषेत राहावीत एवढ्यासाठी.

हे ऐकून वकील काही काळ गप्प राहिले, आणि मला सांगावयास हरकत नाही की मीही राहिलो. कारण ज्या फटीकडे बोट दाखवून दुकानदाराशी भांडावे असे वाटत होते, ती फट मिटलेली ठेवणारी शक्ती आपण रोज आउट काढणाऱ्याच्या हातात पाहतो आणि तिचा विचार करीत नाही.

वकील : बरे, सांधा व्हॉल्व्हच्या समोरच का?

मास्तर : व्हॉल्व्हसाठी मोठे भोक पाडावे लागते, तेथे रिम थोडी दुबळी, सांध्यापाशीही थोडी दुबळी. दोन दुबळ्या जागा एकमेकींपासून शक्य तितक्या दूर ठेवल्या. शिवाय सांध्यातल्या तुकड्याचे वजन आणि व्हॉल्व्हचे वजन समोरासमोर येऊन अंशतः तोलले जाते.

वकील : आणि सांध्याशेजारी कारखान्याची चिठ्ठी?

मास्तर : तिचे प्रयोजन मात्र तुम्ही म्हणता तेच. फट डोळ्यांत येऊ नये.

वकील : आता या असंख्य बारीक रेघा. खाचेखेरीज सबंध पट्ट्यावर तबकडीसारख्या वर्तुळाकार ओरखड्यांचे जाळे आहे.

मास्तर : जोड दिल्यावर तेथे उंचवटा राहतो, ब्रेकचे रबर त्यावर दर फेऱ्याला आदळले असते. म्हणून दोन्ही भिंती यंत्रावर कातून सपाट आणि समांतर करतात. कातणीच्या हत्याराचे ते ठसे. नवे रबर त्यांवर लवकर बसते आणि किंचाळत नाही, असा अनुभव आहे.

वकील : आणि ते झिजून गेले म्हणजे?

मास्तर : पहिल्या काही पावसांतच जातात. ब्रेक लागत राहतो.

वकील : मग ते प्रयोजन नव्हे. गौतमाने न्यायदर्शनात जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत प्रयोजनाला चौथे स्थान दिले, ते काही गंमत म्हणून नव्हे. प्रयोजन म्हणजे जे मनात धरून माणूस कृतीस प्रवृत्त होतो ते. येथे कारागीर प्रवृत्त झाला तो भिंत सपाट करण्यास. ओरखडे हे नांतरीयक. भात हवा असणारा मनुष्य शेतातून काडासकट साळी घेऊन येतो, कारण काड वगळून ती आणता येत नाही. म्हणून त्याला काड हवे होते असे कोणी म्हणत नाही. तुमची मंडळी काड पाहतात आणि त्याचे प्रयोजन सांगू लागतात. पुढे त्याच काडाने कोणी छप्पर शाकारले, तर ते छपरासाठीच उगवले असाही सिद्धांत मांडतील.

मास्तर : हे मला कबूल आहे, आणि शिकविण्याच्या दृष्टीने यात एक धोकाही आहे तो सांगतो. पोरे या ओरखड्यांनाच झिजेची खूण समजतात. ते महिन्याभरात नाहीसे झाले की घाबरून रिम बदलावयास निघतात. उलट काही जण, ओरखडे गेले तरी काही झाले नाही असे पाहून, खरी खाच जाते तेव्हाही स्वस्थ राहतात. ओरखडे पुष्कळ आणि उथळ. खाच एकटी आणि खोल. एवढे ज्याला सांगितले त्याला पुढे चोपडे वाचावे लागत नाही.

यानंतर प्रकरण भराभर पुढे गेले. रिमच्या पोकळीत एक लहानसे भोक आढळले, ज्यातून ना आरा जातो ना व्हॉल्व्ह. मास्तरांनी सांगितले की दुहेरी भिंतीच्या रिममध्ये पाणी शिरते ते बाहेर पडावे, आणि त्याआधी कारखान्यात मुलाम्याच्या हौदातून रिम वर काढताना आतले द्रावण निथळावे, यासाठी ते असते. एकाच भोकाचे दोन मालक निघाल्याने वकील प्रसन्न झाले. आऱ्यांच्या छिद्रांना बसविलेल्या पोलादी कड्यांविषयी मात्र त्यांना शंका घेता आली नाही : निपल फिरवून आरा ताणताना मऊ अ‍ॅल्युमिनियम खरवडले जाऊ नये आणि ताण थोड्या मोठ्या जागेवर पसरावा, हे त्यांचे काम उघड आहे. या संदर्भात मास्तरांनी एक मासलेवाईक हकीकत सांगितली. 1934 साली फ्रान्सच्या प्रदक्षिणेची शर्यत अंतोनँ मान्य याने जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलला अशा पक्क्या केलेल्या छिद्रांच्या, ड्युरॅल्युमिनच्या रिमा होत्या, आणि त्या काळच्या लाकडी रिमांत त्या ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना लाकडाचा रंग दिला होता, असे सांगतात. रंगालाही प्रयोजन असू शकते, हे मास्तरांना यातून दाखवावयाचे होते. वकिलांनी त्यातून, प्रयोजन पुष्कळदा लपविण्याचे असते, एवढेच टिपून घेतले.

वकील : माझ्या पुढच्या चाकाला बत्तीस आरे आणि मागच्याला चाळीस. हे कोणत्या शास्त्राने?

मास्तर : मागच्या चाकावर स्वाराचे व कॅरियरवरच्या ओझ्याचे वजन अधिक, म्हणून आरे अधिक. इंग्रजी सायकलींचा तो प्रघात. तो आपल्या कारखान्यांनी तसाच उचलला.

वकील : बत्तीस आणि चाळीस मिळून बहात्तर, छत्तीस आणि छत्तीस मिळूनही बहात्तर. खर्च तोच, वाटणी निराळी. मग इतर देशांनी छत्तीस-छत्तीसवर का भागविले?

मास्तर : कारण दोन्ही चाकांना एकच रिम चालते, दुकानात एकच जात ठेवावी लागते.

वकील : म्हणजे येथे शास्त्र साहेबाच्या बाजूला आणि सोय इतरांच्या बाजूला. आणि हवा भरताना टायर रिममधून निसटू नये म्हणून भिंतीच्या टोकाला हा जो आतल्या अंगाचा बारीक आकडा आहे, तो?

मास्तर : त्याची कथा लांबलचक आहे. 1890 साली बार्टलेट याने कडांत अडकणारा टायर काढला, आणि त्याच वर्षी वेल्च याने आकड्याऐवजी टायरच्या कडेत न ताणली जाणारी तार घालून, रिमला मध्ये खोल पन्हळ ठेवण्याची युक्ती काढली. तार ताणत नाही, मग टायर चढतो कसा? एका बाजूची तार पन्हळीत ढकलली की दुसऱ्या बाजूला थोडी ढील मिळते. पंक्चर काढणारा टायर चढविताना व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवितो ते याचसाठी : व्हॉल्व्हपाशी ट्यूबचे बूड पन्हळीत असल्याने तार तेथे खाली उतरू शकत नाही, इतरत्र सगळीकडे उतरते. ती शेवटची वीत पट्टीने रेटून चढविणारे लोक ट्यूब चिमटवितात आणि दोष टायरला देतात. तर वेल्चची तार जिंकली, आकडा मागे पडला. पुढे 1970 च्या दशकात हलके आणि अधिक दाबाचे टायर आले तेव्हा तो परत आला. आणि आता ट्यूबविरहित टायरांसाठी काही कारखानदार पुन्हा बिनआकड्याच्या रिमा करू लागले आहेत.

वकील : आकडा हवा, नको, हवा, नको. शंभरावर वर्षांत चार निकाल, आणि प्रत्येक निकालाला सबळ कारणे जोडलेली. मास्तर, अपील न्यायालयाचीही एवढी हिंमत होत नाही.

मास्तर : टायर बदलला की निकाल बदलतो, वकीलसाहेब. वस्तुस्थिती बदलल्यावर जुना निकाल कवटाळून बसणे तुमच्याकडे योग्य ठरत असेल. आमच्याकडे त्याने टायर निसटतो.

वकिलांना येथे उत्तर सुचले नाही, आणि ते सुचले नाही याची मला नोंद करावीशी वाटते, कारण तशी संधी विरळा. त्यांनी शेवटचा आक्षेप घेतला तो रिमवरच्या अंकांवर, आणि त्यात मात्र मास्तर निरुत्तर झाले : 26 × 1.75 आणि 26 × 1¾ हे अंकगणिताने एकच असताना, पहिल्या प्रकारच्या रिमवर टायरची कड ज्या वर्तुळावर बसते त्याचा व्यास 559 मिलिमीटर आणि दुसऱ्याचा 571, व एकाचा टायर दुसऱ्यास बसत नाही. यात प्रयोजन कोणते? निरनिराळ्या कारखान्यांच्या निरनिराळ्या परंपरा, एवढेच उत्तर मिळाले. म्हणूनच आता मिलिमीटरचे तीन अंक टायरवर आणि पुष्कळदा रिमवरही छापतात, आणि टायर विकत घेताना तेच पाहावेत, इंचांवर विसंबू नये, अशी पुस्तीही मिळाली.

दोघांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर माझे मत असे बनले की, तपासाची पद्धत वकिलांची बरोबर होती : वस्तूवर जे जे आहे ते ते हेतुपूर्वक आहे असे धरून चालणारा मनुष्य कातणीच्या ओरखड्यांना शास्त्र आणि चिठ्ठीला अभियांत्रिकी मानू लागतो. परंतु ज्या एका कलमावरून दावा उभा राहिला, त्या कलमावर निकाल मास्तरांच्या बाजूने द्यावा लागतो. सांधा उत्पादनाच्या गरजेतून आला, आरे प्रघातातून वाटले गेले, आकडा टायरच्या मागे फिरला. खाच मात्र रिमच्या कामात तिळभरही मदत करीत नाही, तिच्यावाचून चाक तितकेच चांगले फिरते आणि ब्रेक तितकाच चांगला लागतो, आणि म्हणूनच ती सूचनेखेरीज दुसऱ्या कशासाठी असूच शकत नाही. ती सूचना वाचता येत नाही हा वकिलांचा आक्षेप मात्र तसाच शिल्लक राहतो. कायद्याने खूण करावयास लावली, पण विकताना ती बोटाने दाखवून देण्याची सक्ती कोणावर केली नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी बाजूंनी पकडणाऱ्या ब्रेकची, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमची सायकल आहे, त्यांनी आज ब्रेकच्या पट्ट्यावरून नख आडवे फिरवून पाहावे. खाच नखाला अडली तर चिंता नाही. अडली नाही, किंवा ती पूर्वी होती की नव्हती हे आठवत नसेल, तर पोलादी पट्टी आडवी टेकवावी; पट्टीखालून उजेड दिसला तर, विशेषतः पुढच्या चाकाच्या बाबतीत, टायरमधील हवा सोडून द्यावी आणि नवी रिम बसवून घेईपर्यंत सायकल बाहेर काढू नये.